वृद्धाश्रमातील हेळसांड आणि छळ कसा ओळखावा, आणि ओळखल्यावर काय करावे

मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात आणि आई-वडील काचीगुडा, बरकतपुरा किंवा सिकंदराबादच्या जुन्या घरात, हे चित्र हैदराबादच्या मराठी कुटुंबांत आता सर्रास दिसते. दोघांपैकी एक गेले की मागे राहिलेल्याला एकट्याने घर चालवणे जमत नाही. पडणे, विसरणे, अंथरुणाला खिळणे यांपैकी काही झाले तर वृद्धाश्रम किंवा परिचारिकांची सोय असलेले केअर होम शोधावे लागते. तिथे ठेवावे की नाही, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. त्यावर आम्ही इथे काही म्हणणार नाही. ठेवल्यानंतर आपल्या माणसाकडे नीट लक्ष दिले जाते आहे ना, हे कसे पाहावे, याची माहिती सभासदांच्या उपयोगासाठी एकत्र केली आहे.

दोन शब्द आधी स्पष्ट करू. हेळसांड म्हणजे जे करायला हवे ते न करणे: वेळेवर न भरवणे, कूस न बदलणे, ओला डायपर तसाच ठेवणे, डॉक्टरांना न बोलावणे. छळ म्हणजे जे करू नये ते करणे: मारणे, ओढणे, बांधून ठेवणे, शिव्या देणे, धमकावणे, अंगाशी लगट करणे, पैसे किंवा दागिने काढून घेणे. प्रत्यक्षात दोन्हींची सीमा पुसट असते. पाणी मागणाऱ्या आजींना ‘रात्री उठावे लागते’ म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणीच द्यायचे नाही, याला काय म्हणायचे? आमच्या मते छळच.

जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून मांडलेला निष्कर्ष असा की वृद्धांच्या निवासी संस्थांमधील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, मागच्या वर्षभरात आपल्या हातून एखाद्या रहिवाशाशी गैरवर्तन झाल्याचे स्वतःच सांगितले. ही माणसे दुष्ट असतात असा याचा अर्थ नाही. बारा-बारा तासांची पाळी, रात्री पंचवीस-तीस जणांमागे एक आया, प्रशिक्षण नाही आणि पगार तुटपुंजा, अशा ठिकाणी बरा माणूसही हात उचलतो किंवा हाकेकडे कानाडोळा करतो. म्हणून संस्था बघायला जाल तेव्हा बाग आणि देवघर पाहण्याआधी एक प्रश्न विचारा: रात्री दहा ते सकाळी सहा कितीजण कामावर असतात? उत्तर गुळमुळीत आले तर पुढचे सगळे सावधपणे ऐका.

टोकाची उदाहरणे आपल्या शहरानेही पाहिली आहेत. जानेवारी २०२० मध्ये नागारम भागातील एका आश्रमातून पोलिसांनी ७०हून अधिक जणांना सोडवले. वृद्ध आणि मनोरुग्ण तिथे एकत्र कोंडलेले होते आणि काहींना साखळीने बांधलेले होते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला इतके उघड काही येत नाही. जे येते ते हळूहळू होणारे असते आणि रविवारी संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या भेटीत ते दिसत नाही.

तक्रार तोंडून येत नाही

‘आई काही बोलली नाही, म्हणजे ठीक असेल’ हा समज सर्वांत धोक्याचा आहे. आपल्या पिढीच्या आई-वडिलांना तक्रार करणे कमीपणाचे वाटते. मुलाला सुट्टी घेऊन यावे लागेल, सुनेला त्रास होईल, म्हणून ते गिळतात. शिवाय सांगितले तर आपण गेल्यावर त्याचा राग आपल्यावरच निघेल, ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी नसते. अंगावरचे कपडे दुसऱ्याने बदलताना झालेला अपमान तर मुलाला सांगणे जवळजवळ अशक्यच.

याच्या जोडीला आपल्या समाजाचा एक खास प्रश्न आहे, तो भाषेचा. हैदराबादेत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाला हिंदी-उर्दू, तेलुगू, इंग्रजी कामापुरती सगळी येते. पण विस्मरणाच्या आजारात, डिमेन्शियात, नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी सुटतात आणि लहानपणीची उरते. पन्नास वर्षे तेलुगूत भाजी घेणाऱ्या आजी एके दिवशी फक्त मराठीत बोलू लागतात. आया मेदक किंवा महबूबनगरकडची, तिला तेलुगू आणि थोडी हिंदी येते. आजी ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणतात. आयाला वाटते, म्हातारी बडबडते आहे. वहीत नोंद होते ‘रात्रभर ओरडत होत्या’, आणि दुसऱ्या दिवसापासून झोपेची गोळी सुरू होते.

शब्दांचे घोळ तर विचारू नका. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. आपण ‘चालेल’ म्हणतो ते ‘हो, द्या’ या अर्थाने. अजून भात वाढू का, असे खुणेने विचारल्यावर आजी ‘चालेल’ म्हणाल्या तर आयाच्या कानावर पडते ‘पुरे’, आणि भांडे पुढे जाते. पंखा ‘चालू’ कर म्हणणाऱ्यांचेही तेच. यात कोणाचा दुष्टावा नाही, पण महिनाभर रोज अर्धपोटी राहिलेल्या माणसाचे वजन उतरायचे ते उतरतेच.

यावर आम्ही सुचवतो तो उपाय साधा आहे. एक पुठ्ठा घ्या आणि आपल्या माणसाच्या तोंडी असलेले वीस-पंचवीस मराठी शब्द तेलुगू लिपीत लिहून पुढे तेलुगू अर्थ लिहा. दुखतंय म्हणजे ‘नोप्पि’, पाणी म्हणजे ‘नीळ्ळु’, भूक म्हणजे ‘आकलि’, थंडी म्हणजे ‘चलि’. घरातले खास शब्दही घाला. एखादे आजोबा लघवीला ‘एक नंबर’ म्हणत असतील, तर तेच लिहा. नातवाचे, गेलेल्या पत्नीचे नाव आणि ती कोण, हेही लिहा. हाका कोणाला मारल्या जातात ते आयाला कळले पाहिजे. पुठ्ठा पलंगाच्या डोक्याशी लावा आणि दिवसपाळी-रातपाळी, दोन्हींच्या बायकांना वाचून दाखवा.

शरीर काय सांगते

बोलणे भरवशाचे नसेल तेव्हा शरीर पाहावे लागते. संकोच वाटला तरी, महिन्यातून किमान एकदा आंघोळीच्या किंवा कपडे बदलण्याच्या वेळी घरच्या कोणी बाईने आजींजवळ, किंवा पुरुषाने आजोबांजवळ असावे.

सर्वांत आधी पाठ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न केल्यास माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू इथे जखमा होतात, त्यांना बेडसोर म्हणतात. पहिली खूण म्हणजे लालसर चट्टा. बोटाने दाबून सोडल्यावर निरोगी कातडी क्षणभर फिकी पडते. दाबूनही लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा अधिक काळसर लागतो का, हे हाताने पाहावे. फार आजारी माणसाला उत्तम सेवा असूनही कधी बेडसोर होऊ शकतो, हे खरे. पण जखम खोल जाईपर्यंत घरी कोणी कळवलेच नाही, तर त्याला सबब चालत नाही.

मग वजन. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने धोक्याची खूण आहे. म्हणजे ५० किलोच्या आजी महिन्यात अडीच किलोने उतरल्या तर कारण शोधलेच पाहिजे. संस्थेला दर महिन्याला वजन करून कळवायला सांगा. सैल झालेल्या बांगड्या, घसरणारी कवळी, ढगळ पोलके यांतूनही ते कळते. कवळी हरवली आहे आणि तीन आठवडे कोणी चौकशी केलेली नाही, अशा ठिकाणी जेवण पुढ्यात ठेवून तसेच उचलले जात असते, हे गृहीत धरायला हरकत नाही. चष्मा आणि श्रवणयंत्र यांचेही तसेच. ते नसले की माणूस ‘भ्रमिष्ट’ दिसू लागतो.

कोरडी जीभ, गडद लघवी, अचानक वाढलेला गोंधळ ही पाणी कमी पडल्याची किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाल्याची खूण असू शकते. काल बरे बोलणारे आजोबा आज ओळखत नाहीत, याला ‘वय झाले’ हे उत्तर घेऊ नका. दोन दिवसांत डिमेन्शिया वाढत नाही. डॉक्टर बोलवा.

काळ्यानिळ्या डागांबाबत मात्र घाई करू नये. म्हातारपणी कातडी पातळ होते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाताच्या पुढच्या भागावर साध्या धक्क्यानेही डाग उठतात. त्यावरून आयावर आळ घेणे अन्यायाचे होईल. चिंता करायची ती जागेवरून: दोन्ही दंडांवर बोटांच्या पकडीसारखे ठसे, चेहरा, कान, मान, पाठ, मांड्यांची आतली बाजू. मनगटाभोवती किंवा घोट्याभोवती गोल वळ असेल तर बांधल्याचा संशय घ्यावा. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून ‘हा घरून आला तेव्हाचाच आहे’ या वादाला एकच उत्तर आहे, तारखेसह काढलेला फोटो. दाखल करताना तसे फोटो काढून ठेवले तर उत्तमच.

डायपरबद्दल थोडे. चालता येणाऱ्या माणसाला ‘डायपर आहे ना, त्यातच करा’ असे सांगणे आता इतके सर्वत्र झाले आहे की कोणाला ते खटकतही नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्या माणसाचे चालणे थांबते, कातडी सोलते आणि लाज मोडते. वर डायपरचे बिल आपल्याच नावावर येते. दाखल होताना आधाराने संडासात जाणारी व्यक्ती आता जात नसेल, तर का, हे विचारायलाच हवे.

गुंगी

भेटीला जावे तेव्हा आई झोपलेलीच, दुपारी चारलाही आणि सकाळी अकरालाही, असे दोन-तीनदा झाले तर औषधांचा कागद मागा. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, लोराझेपाम, क्लोनाझेपाम यांसारखी नावे दिसली तर चार गोष्टी विचारा: कोणत्या डॉक्टरांनी लिहिले, कशासाठी, केव्हापासून, आणि पुन्हा तपासणी केव्हा? ही औषधे योग्य कारणासाठी दिली जातातही. पण रातपाळी शांत जावी म्हणून दिलेली गोळी म्हणजे न दिसणारी दोरी. डिमेन्शियाच्या रुग्णांत हॅलोपेरिडॉल-क्वेटियापिनच्या जातीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून देऊन ठेवला आहे. गुंगीतला माणूस पडतो, ठसकतो, जेवत नाही, कूस बदलत नाही. मागे सांगितलेल्या सगळ्या खुणा त्यातून निघतात.

पैसे

याविषयी थोडक्यात. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक संस्थेच्या कपाटात नको. पेन्शनीसाठी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला कोणाच्या फोनवरून आणि कोणासमोर झाला, हे घरच्यांना माहीत असावे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा घेतल्याचे कळले तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा. दागिन्यांची यादी दाखल करतानाच करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. आणि हेही लिहायला हवे की पैशाच्या बाबतीत हात मारणारे अनेकदा संस्थेतले नसतात, नात्यातलेच असतात.

भेट कशी द्यावी

ठरलेल्या वेळी गेलात तर ठरवून ठेवलेलेच दिसेल. कधी जेवणाच्या वेळी जा, कधी संध्याकाळी सातनंतर, कधी सणाच्या दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी निम्मे कर्मचारी रजेवर असतात. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवला आहे का? घंटीचे बटण उशाशी आहे की भिंतीमागे लोंबते आहे? शेजारच्या खाटेवरच्या, ज्यांना भेटायला कोणी येत नाही, त्यांची नखे आणि चादर कशी आहे? संस्थेची खरी पातळी तिथे कळते. कोणी कर्मचारी जवळ आला की आपले माणूस गप्प होते का, अंग चोरते का, तेही पाहा. ‘आम्हाला आगाऊ कळवल्याशिवाय येऊ नका’ किंवा ‘त्यांच्याशी एकट्याने बोलता येणार नाही’ असा नियम असेल, तर दुसरी संस्था शोधायला लागा.

व्हिडिओ कॉलवर फोन कोणी धरला आहे, ते विचारा. परदेशातल्या मुलांना आमचे सांगणे असे की फोन छातीखाली न्यायला सांगा. हात, पाय, पलंग, पाणी दिसू दे. नुसता पावडर लावलेला चेहरा पाहून समाधान मानू नका.

आपल्यातल्या एका सवयीबद्दलही लिहितो. आईला वृद्धाश्रमात ठेवले हे सांगायला लाज वाटते, म्हणून पुष्कळ घरी ‘ती भावाकडे नागपूरला असते’ असे सांगितले जाते. परिणाम असा की हळदीकुंकवाला पंचवीस वर्षे येणाऱ्या मैत्रिणींना ती तीन किलोमीटरवर आहे हे ठाऊकच नसते. ज्या खाटेशी निरनिराळी माणसे निरनिराळ्या वेळी येतात, तिच्याकडे कर्मचारी अधिक लक्ष देतात. मुलगा अमेरिकेत असला तरी मराठीत ‘काय दुखतंय?’ असे विचारणारे कोणीतरी पंधरा दिवसांतून एकदा जाऊ शकते, पण त्यासाठी पत्ता कळायला हवा.

संशय आल्यावर

जिवाला धोका असेल, म्हणजे मारहाण, बांधून ठेवणे, खोल जखम, बेशुद्धी, तर चर्चा करत बसू नका. ११२ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. डॉक्टरांना जखमांची लेखी नोंद करायला सांगा; पुढे सगळे त्या कागदावर चालते.

इतर बाबतीत आधी माहिती जमवा: फोटो, तारीख, वेळ, कोण कामावर होते, काय विचारले, काय उत्तर मिळाले. मग व्यवस्थापकाला लेखी द्या, ईमेल किंवा पोच घेतलेला अर्ज. आवाज चढवून आयाला सर्वांसमोर बोलण्याने फायदा होत नाही. तिची नोकरी जाते, दुसरी तशीच येते, आणि रात्रीची माणसे होती तेवढीच राहतात. अर्जात ठरावीक मागणी लिहा: दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, आठवड्याला वजन, औषधांची फेरतपासणी. आठ दिवसांची मुदत द्या. या आठ दिवसांत घरच्या कोणाची तरी रोज फेरी व्हावी, म्हणजे राग आजींवर निघायला वाव राहणार नाही.

बाहेरच्या मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, ‘एल्डरलाइन’. ही टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सुरू झाली ती आपल्या हैदराबादेतच. २०२१ पासून ती देशभर आहे. सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते आणि फोन करणारा नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. नागारमच्या प्रकरणातही आवाज उठवला तो आसपासच्या लोकांनी.

कायद्याबद्दल एक गैरसमज फार आढळतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ याखाली आरडीओंकडे जे न्यायाधिकरण असते, तिथे दाद मागता येते ती मुले आणि वारसदार नातेवाईक यांच्याविरुद्ध. दरमहा खर्च मिळवण्यासाठी तो मार्ग चांगला आहे, पण वृद्धाश्रमाच्या हेळसांडीची तक्रार तिथे बसत नाही. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा केंद्रीय कायद्यातच आणणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही.

तरीही हात अगदी रिकामे नाहीत. असहाय व्यक्तीची सेवा करण्याचा करार करून ती स्वेच्छेने टाळणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारहाण आणि कोंडून ठेवणे यांची वेगळी कलमे आहेत. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही कारणासाठी चालत नाही. आणि आपण दरमहा पैसे मोजत असाल तर ती ‘सेवा’ आहे, म्हणून ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, चौकशीसाठी १९१५. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

हे सगळे करताना करारनामा हाताशी लागतो, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. दाखल करताना सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या, दरमहाच्या पावत्या ठेवा. संस्था बदलायची ठरली तर औषधांचा तक्ता, तपासण्यांचे कागद, वजनाच्या नोंदी आणि अनामत परत मिळाल्याची पावती घेतल्याशिवाय निघू नका. निघण्याच्या दिवशी अंगावरच्या सर्व जखमांचे फोटो तिथेच, व्यवस्थापकासमोर काढा. पलंगाशी लावलेला तो मराठी-तेलुगू पुठ्ठाही आठवणीने काढून घ्या. नव्या ठिकाणी पहिल्या रात्रीपासून त्याची गरज पडेल.